पाणी लागू देऊ नका

गडचांदूर
४ एप्रिल २०२४

दुर्गाबाई यांस,

गडचांदूरहून गुणवंतराव लिहितो. वर श्री लिहिलेला नाही. हात गेला नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी मला फोनवर बोलणं जमत नाही, हे तुम्हाला आमच्या लग्नापासून ठाऊक आहे. भाऊजी रेशनवर बोलतात असं तुम्हीच म्हणायच्या आणि रंभा हसायची. म्हणून लिहितो.

तेरवीच्या दिवशी मी मागच्या आवारात पंगतीकडे होतो. पुढे आलो तेव्हा ओट्यावर कुंड्यांच्या बुडाचे ओले गोल तेवढे उरले होते. शकुबाई शेजारच्या भिंतीवरून म्हणाली, सुनिलरावांनी गाडी लावली आणि साऱ्या लिल्या भरून नेल्या, दुर्गाबाई पुढे नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. मला कोणी विचारलं नाही. विचारण्याची जागा नव्हती म्हणा, मी वरणाची बादली धरून उभा होतो.

तुम्ही रंभाची सख्खी बहीण. तिच्या साड्या नेल्या असत्या, पितळी डबे नेले असते, तर मी बोललो नसतो. पुनमही बोलली नसती. आईच्या वस्तूंवर मावशीचाही हात असतो, हे तिला समजतं. पण लिलीच्या कुंड्या या वस्तू नव्हेत. त्या जिवंत आहेत आणि त्यांचं पाहायला माणूस लागतो.

कुंड्यांतलं खत तुमच्या मोहर्लीच्या बांधावरचं आहे, हे मी विसरलेलो नाही. आमच्या इथली जमीन चुनखडीची. या लिलीला चुना चालत नाही, म्हणून रंभानं एकही कंद जमिनीत लावला नाही. तुम्ही दरवर्षी पालापाचोळ्याच्या खताची पोती पाठवली म्हणून कुंड्या भरल्या. पण खत तुमचं म्हणून झाड तुमचं होत नाही. इथे सिमेंटची धूळ रोज पानांवर बसते. रंभा रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. एवढं कोणी स्वतःच्या चेहऱ्याचं करत नाही.

फुलं झडली म्हणून दांडे कापू नका. पानं हिरवी आहेत तोवर कंद खालून जेवत असतो, असं ती म्हणायची. तुमच्याकडे पाहुण्यांना नीटनेटकं दिसावं म्हणून कोणीतरी कात्री चालवील, याची मला भीती आहे. पूर्वेच्या भिंतीला ठेवा. दुपारचं ऊन नको. माती बोटाला सुकी लागली तरच पाणी.

आणि गाडी इकडे येणार असेल तेव्हा कुंड्या परत पाठवा. नागपूरहून पुनमचा फोन आला की ती एकच विचारते, बाबा, वर्षश्राद्धाला आईच्या लिल्या फुलतील ना? यंदा थोड्या उशिरा लावल्या की फाल्गुनात फुलतील, असं मी तिला सांगून बसलो आहे.

गुणवंतराव


गडचांदूर
१२ जून २०२४

दुर्गाबाई यांस,

कुंड्या आल्या नाहीत. पुनमकडून तुमचा निरोप मात्र आला. ‘ताईनं आपल्या हातानं मले देल्ल्या. भाऊजीनं त्याच्यात पडू नये.’

कधी दिल्या, ते पुनमनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमच्या होमस्टेच्या उद्घाटनाच्या दिवशी. मी तिथे होतो. माझ्यासमोर तसं काही झालं नाही. पण मी दिवसभर खुर्च्या मांडत होतो, तेव्हा तुम्हा दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नसणार. तुम्हा दोघींचं बरंच बोलणं मला माहीत नसायचं.

तो दिवस मला चांगला आठवतो. संक्रांत होऊन गेली होती. यंदा थंडी लांबली आणि कळ्या मागे राहिल्या. उद्घाटनाला एक तरी फूल उमललं पाहिजे, असा तिनं ध्यास घेतला. दुपारी कुंड्या ओट्यावरून काढून पत्र्याजवळच्या उन्हात सरकवायची, संध्याकाळी परत आत. एका हातानं. मी सरकवून देतो म्हटलं तर नको म्हणाली. उजवा हात वर जात नव्हता. खांदा धरला असं तिनं सांगितलं. मी बाम आणून दिला.

मग कुंड्यांमध्ये तणस कोंबून गाडीनं मोहर्लीला आणल्या. जंगलाच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावरून लोक आत डोकावत होते, कसलं अत्तर शिंपडलं म्हणून विचारत होते. तुम्ही ज्याला त्याला सांगत होता, ‘माह्या बहिणीनं फुलवल्या. तेही सिमेंटच्या गावात.’ रंभा मागे उभी राहून फुलांतले केसर खुडत होती, पाहुण्यांच्या कपड्यांना डाग लागू नये म्हणून. तिला तेवढं आनंदात मी फार वेळा पाहिलेलं नाही. हे लिहिण्यात माझा काही कमीपणा नाही.

पुनम म्हणाली, तुम्ही आता कंद जमिनीत लावणार आहात, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी. ‘कुंडीत कोंडून काऊन ठेवाचं?’ असं म्हणालात म्हणे. मोहर्लीची माती चांगली आहे, चुना नाही, लिली तिथे येईल. पण तुमच्या आवारात रात्री डुकरं येतात आणि सायाळ येते. पहिल्या वर्षी रंभानं तुम्हाला दोन कंद दिले होते, ते सायाळीनं उकरून खाल्ले आणि तुम्ही हसत हसत सांगितलं होतं. वाफा उंच करावा लागतो, खाली जाळी घालावी लागते. कंद खोल लावावा लागतो, कारण याला कंदाच्या वर दांड्यालाही मुळं फुटतात. पुढच्या ओळीत शेवंती लावायची, म्हणजे लिलीच्या पायाशी सावली राहते आणि वर ऊन. हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तुमच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची ओळ तिनं मला बसमध्ये बोटानं सीटवर काढून दाखवली होती. ती असती तर तिनंच येऊन लावली असती. तुम्ही लावू नका.

आता पानं पिवळी पडली असतील. मृग लागला आहे. पावसाचं पाणी त्यांना लागू देऊ नका. भिजले की कंद कुजतात आणि एकदा कुजला की काही करता येत नाही.

बाकी काही विचारायचं असेल तर विचारा.

गुणवंतराव


गडचांदूर
१२ ऑगस्ट २०२४

दुर्गाबाई यांस,

तुम्ही काही विचारलं नाही. पुनमचा फोन आला तरी कामात आहे म्हणता. पावसाळ्यात जंगल बंद, पाहुणे नाहीत, मग काम कसलं ते मला कळत नाही.

आज जे लिहितो आहे ते तेरवीलाच बोलायचं होतं. लोक होते, पुनम होती, म्हणून राहिलं. तुमचं मात्र राहिलं नाही. तुम्ही चारचौघांत रडता रडता म्हणालात, ‘भाऊजी, येळेवर नागपूरले नेलं असतं तं माही बहीण वाचली असती.’ मी मान खाली घातली. लोकांना ती कबुली वाटली असेल. माझे दोन चुलत भाऊ अजून माझ्याशी मोजून बोलतात.

तर ऐका. नागपूरला तपासण्या झाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि इतके दिवस काय करत होता असं विचारलं. मी म्हणालो, तिनं मला गाठ दाखवली तशी आणली. काखेतली गाठ तिनं मला तुमचं उद्घाटन आटोपून घरी आल्यावर दाखवली होती. डॉक्टर म्हणाले, ही आत्ताची नाही, आत पसरली आहे, दिवाळीच्या सुमारास आला असता तर काही करता आलं असतं. दिवाळी हा शब्द त्यांच्या तोंडून सहज आला. मी आत आलो आणि रंभाला विचारलं, कधीपासून.

ती पंख्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘दिवाळीपासून. दुर्गाले माहीत हाये.’

मला का नाही सांगितलं, म्हटलं.

‘तुमाले सांगतलं असतं तं तुमी दुसऱ्याच दिवशी नागपूरले आणलं असतं. मंग तिचं उद्घाटन, अन् माह्या लिल्या.’

एवढं बोलून तिनं कूस बदलली. त्याच दिवशी तिथल्या नर्सनं तिची बोटं पाहून विचारलं, बाई, तंबाखू मळता का? केसरांचा तो तपकिरी रंग तिच्या बोटांना चढला होता. तुमच्या पाहुण्यांच्या कपड्यांना लागू नये म्हणून खुडलेल्या केसरांचा. नर्सनं स्पिरिटनं पुसून पाहिला. नखांच्या कडेचा गेला नाही.

म्हणजे दिवाळीला तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आंघोळीच्या वेळी तिनं तुम्हाला गाठ दाखवली आणि तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं की उद्घाटन होईपर्यंत घरच्या माणसाला सांगायचं नाही. त्यानंतर तुमचे फोन येत होते. कळ्या किती आल्या विचारायचात. संक्रांतीच्या दिवशी मी फोन घेतला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, ‘भाऊजी, ताई थकली दिसते. तिले रोज दूध देत जा.’

मी तिला रोज दूध दिलं.

पुनम राहते त्या कॉलनीच्या गच्चीवरून ते हॉस्पिटल दिसतं. तुम्ही मला नाही तर तिला फोन केला असता तरी चाललं असतं. पुनमला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आई गेली, एक मावशी आहे, ती राहू दे असं वाटलं. आणि तुम्ही तिच्यासमोर मला नागपूरचं ऐकवता.

आता कंदांचं. या लिलीचं एक काम असतं. ते केल्याशिवाय आपल्या भागात तिला फूल येत नाही. पुढच्या वर्षी पानं येतील, दांडा येईल, कळी येणार नाही. ते काम श्रावणात सुरू करावं लागतं. रंभा ते तुम्हाला कधी बोलली नाही, कारण ते ती करत नव्हती. ते माझ्याकडे होतं. तुम्हाला दरवर्षी फुललेली कुंडी आयती मिळाली, त्यामुळे असं काही काम असतं हे तुम्हाला सुचणारही नाही.

काय काम ते मी लिहिणार नाही. पोळ्याच्या आत कंद इथे आले तर मी ते करीन आणि फाल्गुनात फुलं येतील. नाही आले तर फुलं का नाहीत, ते पुनमला तुम्ही सांगा.

गुणवंतराव


गडचांदूर
६ सप्टेंबर २०२४

दुर्गा,

अहोजाहो करू नका म्हणालीस म्हणून तू लिहितो आहे. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

तू आलीस तेव्हा मी जे बोललो ते थोडं होतं आणि जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणून त्या दिवशीचं सारं पुन्हा लिहितो, मला दिसलं तसं.

तान्हा पोळा होता. शकुबाईची नातवंडं लाकडी बैल घेऊन ओट्यावर आली होती आणि मी खाऊची पिशवी शोधत होतो. रंभा ती कुठे ठेवायची ते मला सापडत नव्हतं. तेवढ्यात तू फाटकातून आत आलीस, काखेत गोणपाटाचं गाठोडं. बसनं आली होतीस, चंद्रपूरला गाडी बदलून. सुनिलरावांना सांगून आलीस की न सांगता, ते मी विचारलं नाही. गाठोडं माझ्यासमोर ठेवलंस आणि म्हणालीस, ‘घ्या तुमचे कंद. पोळा कालच झाला, पन एका दिवसानं का होते? पान्याचा थेंब नाई लागू देल्ला.’

तुझा आवाज चढलेला होता, पण तोंडावर राग नव्हता. शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या पोरीसारखी दिसत होतीस. ते मला आता आठवतं. तेव्हा मी गाठोड्याकडे पाहत होतो, कारण तू ते एका हातानं सहज खाली ठेवलं होतंस. एवढे कंद असे एका हातानं उचलले जात नाहीत.

गाठ सोडली तेव्हा आधी धुराचा वास आला.

तू सांगत होतीस आणि मी ऐकत होतो. माझं जूनचं पत्र मिळालं त्याच दिवशी तू तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बुधरीला हाताशी घेतलंस आणि साऱ्या कुंड्या रिकाम्या केल्या. पाणी लावायचं नाही म्हणून धुतले नाहीत, सुक्या फडक्यानं एकेक कंद पुसला. मग स्लॅबवर चटई टाकून मोहफुलं वाळवतात तसे पसरले. दव लागू नये म्हणून रोज संध्याकाळी उचलून आत, सकाळी परत बाहेर. आभाळ भरून आलं की बुधरी हातातलं काम टाकून जिन्याकडे पळायची. खडखडीत वाळले तेव्हा गोणपाटात बांधून तिच्या घरी चुलीच्या वर टांगले, तिच्या मक्याच्या आणि वालाच्या बियाण्याशेजारी. ‘बुधरी मने, बियान्याले धूर पायजे, मंग कीड नाई लागत. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असंच ठेवते.’ सुनिलराव हसले तर तू त्यांना म्हणालीस, हे ताईचं बियाणं आहे.

मी एक कंद उचलला. लसणाच्या रिकाम्या गड्ड्यासारखा होता. बोटांत दाबला तर त्याच्या पाकळ्या सुटून मांडीवर पडल्या. लिलीच्या कंदाला कांद्यासारखी साल नसते, निशिगंधासारखं कातडंही नसतं. त्याला झोपेतही थोडी ओल लागते. कांदा वाळवतात, निशिगंध वाळवतात, हळद वाळवतात, आपल्या भागात सारं वाळवूनच ठेवतात. हा वाळवला की मरतो.

‘का झालं?’ तू विचारलंस.

वाळले, म्हणालो.

‘मंग वाळवाचेच नाई का? तुमीच लिवलं होतं ना, पानी लागू देऊ नका मनून.’

तू माझ्याकडे पाहिलंस, गाठोड्याकडे पाहिलंस आणि तुला कळलं. तू लहानपणापासून तशीच आहेस, उशिरा कळत नाही तुला. खाली बसलीस. पोरं लाकडी बैल धरून आपल्याकडे पाहत होती.

‘सारं काऊन नाई लिवलं, भाऊजी?’

तेव्हा मी म्हणालो, ‘तू सारं सांगितलं होतंस?’

हे वाक्य माझ्याजवळ मार्चपासून तयार होतं. वापरता आलं याचं मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. तेवढा वेळच वाटलं.

तू म्हणालीस, ‘तिनं माह्या गळ्याची आन घातली होती. मी दोनदा मनलं, ताई, भाऊजीले सांग. ती मने, एवढं होऊ दे, मंग सांगतो. माहं उद्घाटन होतं, मले बी वाटलं, दोन महिन्यानं का होते. लागलं माह्या जिवाले ते, रोज लागते. पन तुमी? तुमी तं एका घरात राह्यता. तिचा हात वर जाऊन नाई राह्यला अन् तुमाले बाम सुचला.’

मग हळू आवाजात, ‘अन् मले अहोजाहो नका करू. त्यानं जास्त लागते.’

चहा घेतला नाहीस. रिकामं गोणपाट झटकून घडी केलंस, बुधरीचं आहे म्हणून परत नेलंस. मी दुपारच्या बसपर्यंत सोडायला यायला पाहिजे होतं. आलो नाही. पोरांना खाऊ वाटला.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

जूनचं पत्र लिहिलं तेव्हा पुढचं वाक्य मला माहीत होतं. पावसात ठेवू नका, पण कुंडीतून काढूही नका, माती अगदी सुकू देऊ नका, अधूनमधून शिंपडत राहा. कागदावर जागा होती. मी पेनचं टोपण लावलं. कंद मरावेत असं मनात नव्हतं. मला वाटलं, तू कुंड्या नुसत्या आडोशाला ठेवशील, थोडी घाबरशील, नीट कळलं नाही म्हणून विचारशील, आणि विचारायला तुला माझ्या दारात यावं लागेल. तू माझं एक वाक्य एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. तेरवीपासून तू माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत दिली नव्हतीस. एवढ्या एकाच शब्दाला दिलीस, आणि तो अर्धा होता.

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. तूही मला खोटं सांगितलं नव्हतंस. ती खरंच थकली होती.

बामाचं मी उत्तर देणार नाही. ते माझं मी बघतो.

श्रावणातलं काम तुला माहीत असू दे, आता लपवून काही उपयोग नाही. नारळाचा भुसा ओलसर करून पिळायचा, इतका की मूठ दाबली तर पाणी गळू नये. त्यात कंद घालायचे, पिशवीला भोकं पाडायची आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे, दिवाळी होईपर्यंत. जवळ फळं ठेवायची नाहीत. आपल्याकडे त्यांना पुरेल एवढी थंडी पडत नाही, म्हणून ती अशी द्यायची. मग बाहेर काढून कुंडीत लावले की त्यांना हिवाळा गेला असं वाटतं. दरवर्षी भाजी ठेवायला जागा नाही म्हणून रंभा माझ्याशी भांडायची आणि दरवर्षी कप्पा रिकामा करून द्यायची.

तू गेल्यावर मी सारे कंद एकेक दाबून पाहिले. थोडे मधोमध घट्ट वाटले. ते ओल्या भुशात घालून तसेच ठेवले. काल उघडले तर बुरशी धरली होती. परसात खड्डा करून पुरले. आमच्या जमिनीतून काही उगवणार नाही, ते तुला माहीत आहे.

नागपूरला ज्या दुकानातून तिनं पहिले कंद आणले होते ते दुकान अजून आहे. तीच जात तिथे मिळते, पांढरी, आत गुलाबी शिरा, तोच वास. पुनमला कळलं तर ती म्हणेल, बाबा, आपण नवे आणू. मी आणणार नाही. विकत आणलेली कुंडी समोर ठेवून ही तुझ्या आईची म्हणून मला पुनमसमोर बसता येणार नाही. तुला तिच्यासाठी आणायचे असतील तर तू आण, मी अडवणार नाही, पण रंभाचं नाव घेऊ नकोस.

वर्षश्राद्ध फाल्गुनात येईल. माहेरचं लुगडं तुझ्याकडूनच यायचं, तिला दुसरं माहेर उरलेलं नाही. तेव्हा हे पत्र बोलावणं समज. सुनिलरावांनाही सांग. बुधरीला यायचं असेल तर तिलाही आण, तिनं तिच्या समजुतीप्रमाणे कोणापेक्षा कमी केलेलं नाही.

पुनमचा काल फोन आला होता. कंद फ्रीजमध्ये गेले का, विचारत होती. फ्रीजचं तिला माहीत आहे, लहानपणी कप्पा उघडून बघायची. मी म्हणालो, कामात आहे, मग बोलतो. तुझंच वाक्य वापरलं.

दिवाळीत ती चार दिवस तुझ्याकडे येणार आहे म्हणाली. मागच्या दिवाळीचं तू तिला तिथे सांग. गळ्याची आन होती तेही सांग, तेवढं तुझ्या बाजूचं आहे. जूनच्या पत्राचं सांगू नकोस, ते मी सांगीन, ती तुझ्याकडून इकडे आली की. आधी तू, मग मी, कारण आधी तुझं घडलं. तू नाही सांगितलंस तर माझ्याच्यानंही होणार नाही, मी मला ओळखतो. मग फाल्गुनात पुनम आपल्या दोघांच्या मध्ये पाटावर बसेल, मावशीलाही विचारील आणि मलाही विचारील, आईच्या कुंड्या कुठे आहेत म्हणून.

गुणवंत